१९७९चे विजेतेपद सिएटलच्या नावावर करा : एनबीएच्या नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. ॲडम सिल्व्हर, आयुक्त, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन,
आणि लीगच्या ‘बोर्ड ऑफ गव्हर्नर्स’चे सर्व सन्माननीय सदस्य,
न्यू यॉर्क.

विषय : सिएटल सुपरसॉनिक्स संघाच्या १९६७ ते २००८ या ४१ हंगामांची नोंद सिएटलला परत देण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

लीगच्या विस्ताराची चर्चा निघाली की सिएटलचे नाव अगदी पहिल्यांदा घेतले जाते. नव्या संघासाठी किती पैसे मोजावे लागतील, मालकी कोणाकडे जाईल, प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचे वाटे किती पडतील, या प्रश्नांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि त्यात मला भर घालायची नाही. माझे मागणे एका नोंदीपुरते आहे. १ जून १९७९ रोजी सिएटलच्या संघाने जिंकलेले विजेतेपद, तो संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला गेल्यामुळे, आपल्या दप्तरात आज ओक्लाहोमा सिटीच्या संघाच्या खात्यावर मोजले जाते. सिएटलला संघ देण्याचा ठराव आपण जेव्हा कराल, तेव्हा त्याच ठरावात ते विजेतेपद आणि त्याच्या आगेमागचे ४१ हंगाम सिएटलच्या नावावर लिहून द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

मी मूळची नागपूरची. तिथे शाळेच्या आणि कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळले आणि १९९६च्या फेब्रुवारीत नोकरीसाठी सिएटलजवळच्या रेडमंडला आले. हे पत्र आधी मराठीत लिहिले आहे, कारण ज्या मराठी कुटुंबांनी माझ्यासोबत हे सामने पाहिले, आणि ज्यांची मुले आता “हे सॉनिक्स म्हणजे कोण?” असे विचारतात, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे.

या संघाचे नावच मुळी या शहराच्या चरितार्थातून आले. १९६६च्या डिसेंबरात सिएटलला संघ मंजूर झाला, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या लीगांपैकी एकीचाही संघ या शहरात नव्हता. त्याच सुमारास बोईंग कंपनीला ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान बांधण्याचे सरकारी काम मिळाले होते आणि सगळे शहर त्या विमानाच्या आशेवर होते, म्हणून संघाचे नाव सुपरसॉनिक्स ठेवले गेले. १९७१ मध्ये अमेरिकी संसदेने त्या विमानाचा निधी थांबवला. लाखभर माणसे कामाला असलेल्या बोईंगची नोकरवर्गाची संख्या चाळीस हजारांच्या आत आली आणि ‘सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत’ अशा अर्थाचा फलक विमानतळाजवळच्या रस्त्यावर लागला. ते विमान कधीच आकाशात गेले नाही. त्या पडत्या काळात शहराने उराशी धरलेल्या मोजक्या गोष्टींत हा संघ होता.

सुरुवात मोठी नव्हती. पहिल्या हंगामात २३ विजय आणि ५९ पराभव. दुसऱ्या वर्षी लेनी विल्किन्स आले, आणि पुढच्या वर्षापासून ते खेळाडू असतानाच प्रशिक्षकही झाले. त्या काळी लीगमध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वजन कळते. १९७२ मध्ये संघाने त्यांना क्लीव्हलँडला देऊन टाकले. लोक इतके नाराज झाले की क्लीव्हलँडचा संघ सिएटलला खेळायला आला, तेव्हा आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाविरुद्ध, प्रेक्षकांनी विल्किन्स यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ज्या शहराला संघाची कदर नव्हती असे पुढे सांगितले गेले, त्या शहराची ही गोष्ट आहे.

आणि स्पेन्सर हेवूड. त्यांच्याविषयी आपल्या मंडळापुढे अधिक बोलावे लागू नये, कारण आज आपल्या लीगमध्ये विशी न उलटलेली जी मुले खेळतात, त्यांच्यासाठी दार उघडले ते हेवूड यांच्या खटल्याने. शाळा संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत कोणाही खेळाडूला लीगमध्ये घ्यायचे नाही, असा तेव्हाचा नियम होता. मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचलेल्या या खेळाडूला सिएटलचे मालक सॅम शुलमन यांनी नियम बाजूला ठेवून करारबद्ध केले, लीगने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च १९७१ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हेवूड यांच्या बाजूने आदेश दिला. या निकालाचा उल्लेख खेळाच्या प्रत्येक इतिहासात येतो. तो लढा सिएटलचा गणवेश घालून लढला गेला, आणि मैदानावर येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या या तरुणामागे सिएटलचे व्यवस्थापन उभे राहिले होते.

बिल रसेल यांच्या चार वर्षांविषयी थोडक्यात सांगते. बॉस्टनचा हा महान खेळाडू १९७३ ते १९७७ सिएटलचा प्रशिक्षक आणि व्यवस्थापक होता आणि संघ पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, गेला तो १९७५ साली, त्यांच्याच हाताखाली. खरी गोष्ट त्यानंतर घडली. १९७७-७८चा हंगाम सुरू झाला आणि पहिल्या २२ सामन्यांत १७ पराभव पदरी पडले. प्रशिक्षक बदलले गेले, आणि ज्यांना पाच वर्षांपूर्वी घालवून दिले होते त्या विल्किन्स यांच्याकडेच संघ आला. त्यांनी सुरुवातीच्या पाच जणांची रचना बदलली. गस विल्यम्स आणि डेनिस जॉन्सन हे दोन तरुण पहिल्या पाचांत, जॉन जॉन्सनच्या हाती चेंडूची सूत्रे, नवखा जॅक सिक्मा मध्यभागी, आणि लांबून हमखास टोपली साधणारा ‘डाउनटाउन’ फ्रेड ब्राउन राखीव बाकावरून. उरलेल्या ६० सामन्यांपैकी ४२ जिंकून हा संघ थेट अंतिम मालिकेत पोहोचला, जिथे आधी चार सामने जिंकेल तो विजेता ठरतो. त्या मालिकेतला चौथा सामना सिएटलच्या किंगडोम या स्टेडियममध्ये ३९,४५७ प्रेक्षकांनी पाहिला. सातवा आणि निर्णायक सामना सिएटलच्या घरच्या मैदानावर वॉशिंग्टन बुलेट्सने जिंकला आणि त्या रात्री डेनिस जॉन्सनचे चौदाच्या चौदा फटके हुकले.

त्या एका रात्रीवरून माणूस कायमचा ओळखला गेला असता. पण पुढच्या वर्षी तोच संघ, तोच प्रतिस्पर्धी, तीच अंतिम मालिका, आणि या वेळी सिएटलने ती चार विरुद्ध एक अशी जिंकली. शेवटचा सामना मेरीलँडमधल्या लँडोव्हर येथे ९७-९३ असा सुटला आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला डेनिस जॉन्सन. मी तेव्हा नागपूरला प्राथमिक शाळेत होते आणि सिएटल हे नावही ऐकलेले नव्हते. पण रेडमंडच्या कचेरीतला माझा पहिला वरिष्ठ त्या दिवसाची गोष्ट सांगताना दरवर्षी एकाच ठिकाणी थांबायचा. विजयी मिरवणुकीत वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने सिक्माचे कुरळे केस पाहिले होते, आणि वडिलांचा सदरा घामाने भिजल्यामुळे आपण सारखे घसरत होतो, हे त्याला पंचवीस वर्षांनीही आठवत होते. ही आठवण ज्या शहरात घडली, त्या शहरापासून त्या विजेतेपदाची नोंद दीड-दोन हजार मैलांवर ठेवली आहे.

ऐंशीच्या दशकातला संघ उतरणीला लागला होता, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. जानेवारी १९८६ मध्ये फिनिक्सविरुद्धचा सामना संघाच्या जुन्या सभागृहाच्या, म्हणजे कॉलिझियमच्या, छतातून पावसाचे पाणी गळल्यामुळे थांबवावा लागला. बंद सभागृहातला सामना पावसाने अडवण्याची लीगमधली ही पहिलीच वेळ. पुढे नऊ वर्षांनी शहराने त्याच छताखाली सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च करून नवे सभागृह बांधले, तेच की अरीना.

मी आले ते या नव्या सभागृहाच्या पहिल्याच हंगामात. जॉर्ज कार्ल प्रशिक्षक होते. गॅरी पेटन समोरच्याला असा चिकटून राहायचा की त्याला ‘द ग्लव्ह’, म्हणजे हातमोजा, असेच नाव पडले होते आणि त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. शॉन केम्प हवेत चढून चेंडू टोपलीत कोंबायचा तेव्हा आमच्या घरातली माणसे बसल्या जागेवरून उठायची. जर्मनीत जन्मलेला आणि याच राज्यात शाळा-विद्यापीठ केलेला डेटलेफ श्रेम्प होता, आणि सगळे ज्याला ‘मिस्टर सॉनिक’ म्हणत तो नेट मॅकमिलन होता. दोन वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, ६३ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर असलेला हाच संघ आठव्या मानांकित डेन्व्हरकडून पहिल्याच फेरीत हरला होता. असा पराभव लीगमध्ये आधी कोणत्याही अव्वल संघाच्या वाट्याला आला नव्हता. १९९५-९६ मध्ये ६४ विजय मिळवून संघ अंतिम मालिकेत गेला. समोर ७२ सामने जिंकलेला शिकागोचा संघ होता. पहिले तीन सामने हरल्यावर सगळे संपले असे वर्तमानपत्रांनी लिहिले आणि मग घरच्या मैदानावर सिएटलने लागोपाठ दोन सामने जिंकले.

चौथ्या सामन्याची संध्याकाळ मला आजही आठवते. आम्ही चार जणी एका दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. टीव्ही इतका लहान होता की पाटीवरचे गुण वाचायला पुढे सरकून बसावे लागे, आणि कुकरची शिट्टी झाली तरी उठायला कोणी तयार नव्हते. खिचडी खाली लागली. पेटन शिकागोच्या मायकेल जॉर्डनपुढे उभा राहिला आणि जॉर्डनच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा त्रागा पाहिला. सामना संपल्यावर शेजारचा, ज्याच्याशी तोवर एक शब्द बोलणे झाले नव्हते, दार वाजवून आत आला आणि त्याने आम्हा चौघींच्या हातांवर टाळ्या दिल्या. परक्या देशात आल्यावर हे आपलेही गाव आहे असे वाटायला एखादे निमित्त लागते. माझ्यासाठी ते निमित्त हा संघ होता. मालिका शिकागोने सहाव्या सामन्यात जिंकली, तरीही.

संघ कसा गेला, हे आपल्या मंडळाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून फक्त क्रम मांडते. २००१ मध्ये संघ हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाकडे आला. २००६ मध्ये त्यांनी तो ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांना ३५ कोटी डॉलरला विकला. नव्या सभागृहासाठी सार्वजनिक पैसा मागितला गेला. त्या वर्षी नोव्हेंबरात सिएटलच्या मतदारांनी सुमारे ७४ टक्के मतांनी ठरवले की असा पैसा द्यायचा तर शहराला त्याचा परतावा मिळाला पाहिजे, आणि राज्याच्या विधिमंडळानेही पुढे निधी दिला नाही. मी तेव्हा व्हिसावर होते, मला मत नव्हते. पण त्या मतदारांना मी दोष देणार नाही. अकरा वर्षांपूर्वीच ज्यांनी एक सभागृह बांधून दिले होते, त्यांनी दुसऱ्याच्या वेळी हिशेब विचारणे यात अपराध काय? २००७ मध्ये संघाच्या एका सहमालकाने, आम्ही संघ सिएटलमध्ये ठेवण्यासाठी घेतला नव्हता, अशा अर्थाचे विधान केले आणि त्याबद्दल लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. दंड वसूल झाला. संघ तरी गेलाच.

१३ एप्रिल २००८ रोजी घरच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. त्या हंगामात संघ फक्त २० सामने जिंकला होता, तरी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. एकोणीस वर्षांचा केव्हिन ड्युरँट शेवटी दोन्ही हात वर-खाली हलवून आम्हाला आणखी मोठ्याने ओरडायला सांगत होता, आणि डॅलसविरुद्ध संघ ९९-९५ असा जिंकला. सामना संपला पण लोक उठेनात. आमच्या रांगेच्या टोकाला उभा राहणारा वयस्कर कर्मचारी, जो दर सामन्याला मुलीला “ए बेटा, पायरी बघ” अशा अर्थाचे काही म्हणायचा, तो त्या दिवशी काही न बोलता रिकाम्या खुर्च्यांच्या बैठका एकेक करून उभ्या करत गेला. मुलीने विचारले, “पुढच्या वर्षी कधी यायचं?” पाच दिवसांनी, १८ एप्रिलला, आपल्या मंडळाने २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला मंजुरी दिली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळाले.

२ जुलै २००८ रोजी शहर आणि मालक यांच्यात तडजोड झाली. शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले. सुपरसॉनिक्स हे नाव, हिरवा-सोनेरी रंग आणि बोधचिन्ह भावी संघासाठी सिएटलमध्येच राहील असे ठरले. चषक, ध्वज आणि खेळाडूंच्या सन्मानार्थ निवृत्त केलेले, म्हणजे ज्यांचा क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही असे, गणवेश सिएटलच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयाकडे आले. आणि संघाचा इतिहास मात्र दोन्ही शहरांत सामाईक राहील, असे लिहिले गेले.

या ‘सामाईक’ शब्दावर माझा सगळा मुद्दा उभा आहे. आमच्याकडे जमिनीच्या मालकीचा सातबारा नावाचा उतारा असतो आणि त्यावर विहीर पुष्कळदा दोन भावांच्या नावे सामाईक लिहिलेली असते. माझ्या आजोबांच्या शेतातही अशी विहीर होती. दोघांचा हक्क कागदावर पक्का होता, भांडणही नव्हते, पण धाकटे आजोबा शहरात गेले आणि दर उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा हे कधी ठरलेच नाही. पंधरा वर्षांत विहीर बुजली. सॉनिक्सच्या इतिहासाचे हेच झाले आहे. ओक्लाहोमा सिटीच्या सभागृहात १९७९चा ध्वज फडकत नाही आणि तिथल्या लोकांनी तो कधी मागितलाही नाही. सिएटलमध्ये तो फडकवायला संघच नाही. अधिकृत नोंदीत दोघांचा असलेला हा वारसा व्यवहारात कोणाचाच राहिलेला नाही.

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने इंडियानाला सात सामन्यांत हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा तिथले लोक आपले पहिले विजेतेपद म्हणून रस्त्यावर उतरले आणि त्यांचा आनंद रास्त होता. आपल्या दप्तरात मात्र ते दुसरे आहे. ज्यांनी ते जिंकले ते पहिले म्हणतात, तुम्ही दुसरे म्हणता, आणि ज्यांचे पहिले होते त्यांच्याकडे एकही नाही. एका नोंदीने दोन शहरांवर एकाच वेळी अन्याय होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

ओक्लाहोमाविषयी माझ्या मनात कटुता नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या संघाला त्या शहराने दोन वर्षे घर दिले आणि दर सामन्याला गर्दी केली, त्यातून त्यांनी आपला हक्क मिळवला. रसेल वेस्टब्रुकला नव्या खेळाडूंच्या २००८च्या निवडीत सिएटलच्या नावाने घेतले गेले, पण तो सिएटलसाठी एकही सामना खेळला नाही. तो त्यांचाच. निक कॉलिसन सिएटलला चार हंगाम खेळला आणि नंतर ओक्लाहोमाला दहा. त्यांनी त्याचा क्रमांक निवृत्त केला तेव्हा इथेही आम्हाला बरे वाटले. त्यांचे कोणाचे काही काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. जुलै २००८ ही रेषा धरा. तिच्या आधीचे सिएटलचे आणि नंतरचे ओक्लाहोमाचे.

हे करता येते, कारण आपण ते आधी केले आहे. शार्लटचा संघ २००२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला गेला, शार्लटला पुढे नवा संघ मिळाला, आणि २०१४ मध्ये त्या संघाने हॉर्नेट्स हे नाव पुन्हा घेतले, तेव्हा १९८८ ते २००२ची सगळी नोंद न्यू ऑर्लीन्सकडून शार्लटकडे वळवण्यात आली. त्यात खेळाडूंच्या आकडेवारीचा कोणताही घोळ झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये तर क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला गेला तेव्हाच नाव, रंग आणि इतिहास शहरात राहील असे ठरले, आणि १९९९ मध्ये परतलेला संघ त्याच इतिहासासह उभा राहिला.

यावर एक आक्षेप मी स्वतःच मांडते, कारण तो पोकळ नाही. मिनिआपोलिसहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लेकर्सची पाच विजेतेपदे आज लॉस एंजेलिसच्या नावावर आहेत. मग उद्या मिनिआपोलिसनेही ती मागायची का? दोन्हींतला फरक नावात आहे. तळ्यांच्या प्रदेशातून आलेले ते नाव संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेले, तिथे रुजले आणि त्या संघाने जुन्या विजेत्यांचा सन्मानही केला. सिएटलच्या बाबतीत नाव इथे ठेवले आणि इतिहास तिकडे पाठवला. नाव एकीकडे आणि त्या नावाने केलेले कर्तृत्व दुसरीकडे, अशी फारकत दुसऱ्या कोणत्या विजेत्या संघाच्या वाट्याला आलेली मला तरी माहीत नाही. ही फारकत २००८ मध्ये, घाईच्या तडजोडीत झाली. ती चूक कायम ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही.

संघ नसतानाच्या वर्षांत या शहराने काय केले, तेही पाहावे. सॉनिक्ससोबतच विकला गेलेला महिलांचा सिएटल स्टॉर्म हा संघ २००८ मध्येच याच शहरातल्या चार महिलांनी विकत घेऊन इथे राखला आणि २००४ मध्ये एकदा विजेता ठरलेल्या या संघाने त्यानंतर २०१०, २०१८ आणि २०२० अशी आणखी तीन विजेतेपदे मिळवली. माझी मुलगी बास्केटबॉल शिकली ती स्टॉर्मच्या स्यू बर्डचे पास पाहून. २०१३ मध्ये सॅक्रॅमेंटोचा संघ सिएटलला आणण्याचा प्रस्ताव आपल्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला. तेव्हा मी रडले होते, पण आज सांगते की तो निर्णय बरोबर होता, कारण दुसऱ्या गावाला तेच दुःख देऊन आम्हाला आमचा संघ नको होता. २०१८च्या ऑक्टोबरात जुने सभागृह पाडकामासाठी बंद होण्याआधी तिथे सरावाचा एक सामना झाला, त्यात ड्युरँट शॉन केम्पचा जुना सॉनिक्स गणवेश घालून मैदानात आला आणि गर्दीचा आवाज कितीतरी वेळ थांबला नाही. त्यानंतर खासगी पैशातून नवे सभागृह उभे राहिले. १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले सुमारे वीस हजार टनांचे छप्पर जागच्या जागी तोलून धरले आणि त्याच्याखालची सगळी इमारत खणून नवी केली. सभागृह हवे, ही २००८ मधली अट होती. ती पुरी झाली आहे.

आता घाई कसली, असे आपण विचाराल. २००७ मध्ये डेनिस जॉन्सन गेले. जॉन जॉन्सन, लॉनी शेल्टन आणि पॉल सायलस त्यांच्यामागून गेले. २०२५च्या जानेवारीत गस विल्यम्स गेले. सत्तरच्या दशकात डोक्याला पट्टी बांधून शहराला वेड लावणारे स्लिक वॉट्स मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या सभागृहाबाहेर लेनी विल्किन्स यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि नोव्हेंबरात, वयाच्या ८८व्या वर्षी, तेही गेले. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी बास्केटबॉलच्या मानदालनात असलेला हा माणूस स्वतः जिंकून दिलेल्या विजेतेपदाची नोंद सिएटलकडे परतलेली पाहू शकला नाही. त्या संघातले जे हयात आहेत, त्यांच्या हयातीत हे व्हावे.

म्हणून माझी विनंती नेमक्या शब्दांत अशी. विस्ताराच्या ठरावात सिएटलच्या संघाला सुपरसॉनिक्स हे नाव देतानाच, २००८च्या तडजोडीतील सामाईक इतिहासाचे कलम रद्द करून १९६७-६८ ते २००७-०८ या हंगामांतील सामने, विक्रम, निवृत्त क्रमांक आणि १९७९चे विजेतेपद त्या संघाच्या नावावर नोंदवावे. ओक्लाहोमा सिटीच्या व्यवस्थापनाची संमती त्यासाठी लीगने पुढाकार घेऊन मिळवावी, ती दोन मालकांच्या सौद्यावर सोडू नये, कारण सौद्यात अशा गोष्टींची किंमत लावली जाते आणि मग त्या अडून बसतात. यापुढे कोणत्याही संघाला स्थलांतराची परवानगी देताना नाव आणि इतिहास मूळ शहरात राहतील, असा नियमही याच वेळी करावा.

गॅरी पेटनचा २० क्रमांक अजून एनबीएच्या कोणत्याही संघाच्या छताखाली टांगलेला नाही. तो सिएटलमध्येच टांगला जावा असे तो वर्षानुवर्षे सांगत आला आहे आणि थांबला आहे. माझी मुलगी आता नोकरीला लागली आहे. त्या एप्रिलमधल्या सामन्याच्या दोन तिकिटांचे अर्धुक तिने जपून ठेवले आहे आणि ज्या दिवशी तो क्रमांक वर चढेल, त्या दिवसाच्या तिकिटांचे पैसे मी भरायचे, असे आमचे ठरलेले आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
सॉनिक्सची एक जुनी तिकीटधारक
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य